विषय: फॉर्म सोमवारी जायचाय – जुनं कार्ड आणि पतसंस्थेची जामीनकी

प्रेषक: मंजिरी

मंडळी, मागच्या आठवड्यात ज्या मुलाबद्दल विचारलं होतं, त्याचा एसएफ-८६, म्हणजे इथल्या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा मंजुरीचा (सिक्युरिटी क्लिअरन्स) फॉर्म, सोमवारी ई-ॲप या ऑनलाइन यंत्रणेवरून जायचाय. कलम २६ वर, म्हणजे पैशांच्या थकबाकीच्या प्रश्नांवर, अडकलोय. २०२१ मध्ये कार्डाचे ६,२०० डॉलर चार्ज-ऑफ झाले, ते लिहिणारच आहे. पण गावच्या पतसंस्थेत चुलतभावाच्या कर्जाला तो जामीन आहे आणि वर्षभर हप्ते थकलेत. इथल्या क्रेडिट रिपोर्टात त्याचा मागमूस नाही. तेही लिहायचं का?

प्रेषक: सुहास

माझ्या मते नाही. परदेशातल्या पैशांच्या व्यवहारासाठी फॉर्ममध्ये कलम २०-ए आहे. कलम २६ इथल्या कर्जांसाठी. आणि कर्ज भावाचं आहे, त्याचं नव्हे.

प्रेषक: अरुण (वकील)

सुहास, दोन्ही मुद्दे चुकताहेत. २०-ए मध्ये परदेशी खाती, शेअर, जमीन अशी मालमत्ता येते. कलम २६ मध्ये थकबाकी विचारतात आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की एकट्याच्या नावावरची देणी धराच, सहकर्जदार किंवा जामीन म्हणून असलेलीही धरा. देश कुठला याची अट नाही. गेल्या ७ वर्षांत १२० दिवसांहून जास्त थकलं का, आणि आजही तसं थकलेलं आहे का, हे दोन्ही प्रश्न आहेत. दोन्हींना उत्तर 'हो'.

'भावाचं कर्ज' हा बचाव तिकडच्या कायद्यातही चालत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: वेगळा करार नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

आता महत्त्वाचं. मंजुरी द्यायची की नाही याचे निकष ठरतात २०१७ च्या सीड-४ या सरकारी निर्देशातून. पैशांचा भाग 'गाइडलाइन एफ'. त्यात अमुक डॉलरच्या वर नकार, अशी रेषा नाही. देणं का झालं आणि त्यानंतर माणूस कसा वागला, हे बघतात. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही कारणं ग्राह्य आहेत, पण त्या काळातही जबाबदारीने वागल्याचा पुरावा हवा. जाणूनबुजून लपवलं तर मात्र प्रकरण 'गाइडलाइन ई'मध्ये, म्हणजे प्रामाणिकपणात जातं. देणं फेडता येतं, खोटं उत्तर मागे घेणं फार अवघड. या मुलाने सगळं लिहावं.

प्रेषक: नंदाताई

मंजिरी, पतसंस्थेकडून आधी खातेउतारा मागव. मुद्दल, व्याज, दंडव्याज वेगळं दाखवलेला, शिक्क्यासह. आणि एक थेट विचार: कलम १०१ चा वसुली दाखला निघालाय का? सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली तो निबंधकाकडून निघतो आणि मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. दाखल्यात जामीनदारांचीही नावं असतात. भावाला ठाऊक असेल आणि याला नसेल, असं होऊ शकतं.

पैसे भरायचे तर भावाच्या हातात रोख देऊ नये. याच्या खात्यातून थेट कर्जखात्यात जावेत, म्हणजे कोणी भरले ते उताऱ्यात दिसेल. पूर्ण फिटलं की बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, घ्यायचा. नुसत्या पावत्या पुरत नाहीत.

प्रेषक: सुहास

१०१ चा दाखला निघाला असेल तर तो फॉर्ममधल्या 'जजमेंट'च्या, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या, रकान्यात कसा बसेल? निबंधक म्हणजे न्यायालय नव्हे.

प्रेषक: अरुण (वकील)

यावर वाद घालत बसू नये. थकबाकी म्हणून लिहायचंच आहे. तिथल्याच शेऱ्यात 'सहकार निबंधकाचा वसुली दाखला, तारीख अमुक' असं लिहिलं की लपवल्याचा प्रश्न उरत नाही.

प्रेषक: कोषाध्यक्ष

कार्डाचं कोणीच नीट सांगितलं नाही, आणि कराचा भाग माझ्याकडे राहू दे. चार्ज-ऑफ म्हणजे बँकेने आपल्या वहीत नुकसान दाखवलं. देणं माफ झालेलं नाही. ७ वर्षांनी रिपोर्टातून गळलं, तरी फेडलं असं धरत नाहीत.

आधी तिन्ही संस्थांचे रिपोर्ट काढा: इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन. कर्ज आज कोणाकडे आहे ते पाहा. विकलं गेलं असेल तर जुन्या बँकेला पैसे पाठवून उपयोग नाही. तडजोड ठरली तर लेखी पत्र आधी, पैसे नंतर. ६०० डॉलर किंवा जास्त माफ केले तर १०९९-सी, म्हणजे माफ झालेल्या कर्जाचा करफॉर्म, येऊ शकतो. ती रक्कम उत्पन्न धरली जाते. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर ती उत्पन्नातून वगळायला फॉर्म ९८२ आहे. हे विवरणपत्रात राहिलं तर कार्ड सुटून कराचं लचांड मागे लागतं, आणि न भरलेली विवरणपत्रं तपासात फार जड जातात.

'हप्ते थांबवा, आम्ही मिटवतो' म्हणणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. थकबाकीच वाढते. ना-नफा क्रेडिट समुपदेशन वेगळं, त्याची नोंद उपयोगी पडते.

प्रेषक: मंजिरी

सोमवारपर्यंत ६,२०० भरणं शक्य नाही. मग?

प्रेषक: अरुण (वकील)

सगळं फिटलंच पाहिजे असं नाही. झेपेल असा हप्ता लेखी ठरवून नियमित भरणं, हे मोलाचं. पण आत्ता सुरू व्हायला हवं. आक्षेपपत्र, म्हणजे एसओआर, हातात पडल्यावर घाईने भरलेल्या पैशांना कमी वजन मिळतं. सरकारी कंत्राटदार कंपनीच्या नोकरीत त्या पत्राला उत्तर द्यायला २० दिवस असतात. तेवढ्यात पतसंस्थेचे कागद येतीलच असं नाही.

प्रेषक: लिस्ट-व्यवस्थापक

विषय मंगळागौरीच्या नोंदणीच्या धाग्यात सुरू झाला होता, म्हणून वेगळा केलाय. खाते क्रमांक, नावं इथे टाकू नका. संग्रह सगळ्यांना दिसतो.

प्रेषक: मंजिरी

ठीक. खातेउतारा मराठीत येणार, तसाच जोडू का?

प्रेषक: नंदाताई

इंग्रजी भाषांतर लावून. खाली भाषांतरकाराची सही आणि 'दोन्ही भाषा जाणतो, भाषांतर अचूक आहे' एवढं निवेदन. मूळ प्रत सोबत. फॉर्म मात्र उताऱ्यासाठी थांबवू नकोस. रक्कम अंदाजे लिहिता येते, तसं नमूद करायचं.