व्यासंगी की नुसता वाचनवेडा?

गंगापूररोड: सोसायटीच्या स्मरणिकेत आजोबांवर चार ओळी द्यायच्या आहेत. मी 'व्यासंगी वाचक' लिहिलं, संपादक काकूंनी खोडलं. म्हणे, जन्मभर सावानातून (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) रहस्यकथा आणणारा माणूस व्यासंगी कसा? 'वाचनप्रेमी' लिही. फार मिळमिळीत वाटतं हो. दुसरा शब्द?

दप्तरदार: काकूंचं बरोबर आहे. व्यासंगाला विषय लागतो. कुणाला मोडीचा असतो, कुणाला ज्ञानेश्वरीचा. हाती पडेल ते वाचतो तो वाचनवेडा.

पंचवटीकर: व्यास + संग. व्यासांची संगत! शाळेत सरांनी असंच शिकवलेलं. रहस्यकथा बाद.

अनुस्वार: सरांना नमस्कार, पण व्यासमुनींचा इथे काही संबंध नाही. वि + आ + सञ्ज्, म्हणजे चिकटणे. आसक्ती, प्रसंग हे त्याच धातूचे. संस्कृतात व्यासंग म्हणजे नको तितकं गुंतणं, शिवाय चित्त विचलित होणंही. प्रतिष्ठा मराठीत मिळाली. ताटातलं गार होऊ देऊन खुनी शोधणारे आजोबा अस्सल व्यासंगी.

दप्तरदार: आपण मराठीत बोलतोय ना? संस्कृतात राग म्हणजे प्रेमसुद्धा. उद्या बायको रागावली की खूश व्हायचं का?

गोदाकाठ: 😄 आमची आजी 'वाचनाचा नाद' म्हणायची. तमाशाचा, पत्त्यांचा, तसाच हाही. सरळ 'पुस्तकी किडा' लिहा.

दप्तरदार: ते हिंदीच्या 'किताबी कीड़ा'वरून उचललेलं. आपल्याकडे नुसतं 'पुस्तकी' म्हटलं तरी टोमणा होतो. समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणं उगीच नाही सांगितली.

पंचवटीकर: हिंदीतून आलं तर बिघडलं काय? सगळे वापरतात.

सातपूरवाला: पण किडा नेमका कुठला? वाळवी की कसर? कसर बांधणीतली खळ खाते, तिला मजकुराशी देणंघेणं नाही. वाचणाऱ्याला तिचं नाव देणं अन्यायच.

गंगापूररोड: अहो, स्मरणिका सोमवारी छापायला जातेय!

गोदाकाठ: कसरीवरून आठवलं, वेखंडाने जाते का हो? सावाना १८४० सालचं, त्यांच्याकडे काही जुना उपाय असेलच.

अनुस्वार: पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवायचेच. कापडात पुरचुंडी बांधा, भुकटी पानांवर टाकू नका.

सातपूरवाला: भद्रकालीत काष्टौषधीवाल्याकडे विचारा. आणि आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढा, ओल तिथूनच येते.