विषय: सेंट पॅट्रिक्स डेची सहल – आधी नदी की आधी परेड?

नमस्कार मंडळी,

सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणासाठी शनिवारी शिकागो डाउनटाउनला येणाऱ्यांत भारतातून आलेले आईबाबा आणि स्ट्रोलरमधली मुलं बरीच आहेत. शिकागो नदीला हिरवा रंग देतात तेही बघायचं आहे आणि परेडही. वेळा आणि जागा कोणी नीट सांगाल का? फ्लायरचा मसुदा जोडला आहे, चूक दिसली तर छापायच्या आत कळवा. रविवारी संध्याकाळच्या अंगतपंगतीला एखादा आयरिश पदार्थ हवा, शाकाहारी.

– सचिव

*

सचिवताई,

दोन्ही होतं, पण क्रम आधी ठरवून निघा.

रंग सकाळी १० वाजता टाकायला घेतात. कोलंबस ड्राइव्ह ते स्टेट स्ट्रीट या पट्ट्यात नदीकाठच्या अप्पर वॅकर ड्राइव्हवरून चांगलं दिसतं, पण कठड्याजवळची जागा आठ-साडेआठलाच भरते. १९६२ पासून हे काम प्लंबरांची युनियन, लोकल १३०, करते. सांडपाणी नदीत कुठून झिरपतं ते शोधायला प्लंबर हिरवा रंग वापरत, त्यातूनच ही कल्पना निघाली. पहिल्या वर्षी १०० पौंड टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता वनस्पतीजन्य पूड वापरतात, साधारण ४० पौंड.

मुलांना मुद्दाम दाखवा: पूड हिरवी नसते, शेंदरासारखी नारिंगी असते. बोटीतली माणसं पीठ चाळायच्या चाळणीतून ती पाण्यावर सोडतात, पाण्याला लागताच ती हिरवी होते आणि मागून येणारी छोटी बोट पाणी घुसळत जाते. हे बघायचं असेल तर आठला कठडा धरावाच लागेल, आणि त्या दिवशी परेडचा हट्ट सोडावा. कारण अकरानंतर नदीवरचा सगळा लोंढा मिशिगन अव्हेन्यूने दक्षिणेकडे सरकतो. एरवी वीस मिनिटांची चाल, त्यात स्ट्रोलर असला तर तासही लागतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर उलटं करा, आधी परेड आणि मग नदी. परेड कोलंबस ड्राइव्हवर बाल्बोपासून उत्तरेला मन्रोपर्यंत जाते, सुरुवात सव्वाबाराला. आत जायला जॅक्सन आणि आयडा बी. वेल्स या बाजूंनी वाट असते. पिशव्या तपासतात, म्हणून एकच छोटी पिशवी ठेवा. अकरापर्यंत आत असलात तर पुढची रांग मिळते, पाइप बँड आणि नाचणारी मुलं अगदी समोरून जातात. रंग दुपारभर ठळक असतो, दोन-अडीचला नदीवर गर्दी ओसरलेली असते आणि फोटो जास्त चांगले येतात.

गाडी आणू नका, मेट्राने (उपनगरी रेल्वेने) या. युनियन स्टेशनपासून नदीचा तो भाग चालत अर्ध्या तासावर आहे. स्टेशनातच सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्या, पुढे रांगा फार लांब असतात. लेक मिशिगनवरून येणारा वारा बोचरा असतो, साडीवर नुसता कोट पुरत नाही, आत थर्मल आणि पायात जाड मोजे हवेत.

– नेपरव्हिल

*

वरच्या मेलला जोडून: ज्यांना डाउनटाउनची गर्दी झेपणार नाही त्यांनी रविवारी साउथ साइडच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, परेडला जावं. वेस्टर्न अव्हेन्यूवर १०३ व्या ते ११५ व्या रस्त्यापर्यंत, दुपारी १२ ला. दारूमुळे गोंधळ फार वाढला म्हणून २०१० आणि २०११ मध्ये ती झालीच नाही. २०१२ ला परत सुरू झाली ती दारूबंदीचे कडक नियम घेऊन, आणि म्हणूनच आज मुलांना न्यायला तीच जास्त बरी. मेट्राची रॉक आयलंड लाइन जवळ सोडते.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. काही वर्षी नेमका हाच रविवार असतो. मग सकाळची गाडी हमखास चुकते, तेव्हा तारीख बघून ठेवा.

– ओक लॉन

*

अंगतपंगतीसाठी सोडा ब्रेड करा. त्यात यीस्ट नाही, अंडं नाही, आणि ताक तर आपल्या घरातलंच.

एका ब्रेडला ४५० ग्रॅम मैदा (साधारण साडेतीन कप), १ सपाट चमचा खायचा सोडा, १ चमचा मीठ, ३५० ते ४०० मिली ताक. ओव्हन ४५० फॅरनहाइटला आधी तापवून ठेवा. कोरडं सगळं चाळून घ्या, मध्ये खळगा करून ताक ओता आणि बोटं फाकवून हात गोल फिरवा. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा. पोळीच्या कणकेसारखा मळलात तर ब्रेड चिवट होतो. दीड इंच जाड थापा, वरून खोल फुली कापा, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो. १५ मिनिटांनी आच ४०० वर आणून आणखी ३० मिनिटं. खालून टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा.

बिघडतं ते बहुतेक ताकामुळे. जेवणात पितो ते पातळ, गोडसर ताक इथे चालत नाही. आंबटपणा कमी पडला की सोडा तसाच उरतो, ब्रेड पिवळट दिसतो आणि साबणासारखा लागतो. दोन वाट्या आंबट दही, एक वाटी पाणी, रवीने घुसळा. ताक पडताच सोडा फसफसू लागतो, म्हणून गोळा ठेवून द्यायचा नाही, लगेच ओव्हनमध्ये. पोळीची कणीक वापरू नका. ती बारीक दळलेली असते, पाणी जास्त पिते आणि ब्रेड दडस होतो. ब्रेड त्याच दिवशी संपवा.

बाहेर जेवणार असाल तर एक: कॉर्न्ड बीफबरोबरचा (खारवलेल्या गोमांसाबरोबरचा) कोबी आणि बटाटा बहुधा त्याच मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. मांस बाजूला काढून चालत नाही, विचारूनच मागवा.

– शॉमबर्ग

*

फ्लायरमध्ये तीन दुरुस्त्या, छापायच्या आत.

पान चार पाकळ्यांचं काढलंय. शॅमरॉक तीनच पानांचा, बेलाच्या त्रिदळासारखा. आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक याने त्यावरून ट्रिनिटी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावली अशी परंपरा आहे. चार पानांचं क्लोव्हर नशिबाचं, त्याचा या सणाशी संबंध नाही.

‘पॅटीज डे’ काढून ‘पॅडीज डे’ करा. मूळ आयरिश नाव पाद्रिग, त्याचं पॅडी होतं. पॅटी म्हटलेलं आयरिश लोकांना खटकतं.

आयर्लंडच्या झेंड्यात केशरी रंग डावीकडे आलाय. आपल्या तिरंग्यात केशरी पहिला म्हणून हात तसा वळला असेल, पण उभ्या पट्ट्यांत केशरी काठीकडे आला की तो आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो. हिरवा काठीकडे, मध्ये पांढरा, नारिंगी बाहेर. मुलांच्या हातातले कागदी झेंडे चिकटवतानाही काडी हिरव्या कडेलाच लावा.

– ऑरोरा