पहिल्या वर्षाला हॉस्टेलच! फ्लॅट दुसऱ्या वर्षी बघू. पटतंय का?

मोठी_ताई_जिंतूर
धाकट्या भावाला यंदा पुण्यात इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली, कॉलेजच्या हॉस्टेलच्या लिस्टला पण नाव लागलंय, आणि आता तो म्हणतोय हॉस्टेल नको, क्लासमधले तिघं फ्लॅट घेतायत तिकडे जातो. घरात आठ दिवस हाच विषय. आई रडते, बाबा गप्प.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष हॉस्टेलवरच काढायचं. मी स्वतः चार वर्षं काढलीत. पहिले पंधरा दिवस रोज रात्री उशीत तोंड घालून रडायचे. पण ग्राफिक्सची, म्हणजे इंजिनीअरिंग ड्रॉइंगची, पहिली शीट मला कॉलेजनं नाही शिकवली, हॉस्टेलनं शिकवली. रात्री दीड वाजता मी आणि माझी चंद्रपूरची रूम पार्टनर मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डाला लावून रेषा मारायचं साधन) हातात घेऊन बसलेलो, दोघींनाही तो बोर्डाला कसा लावायचा तेच कळेना, तर बाथरूमला चाललेली एक सीनियर दारात थांबली, आत आली, खाली फरशीवर बसली आणि चार वाजेपर्यंत आमच्याकडून शीट काढून घेतली. जीटी, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट छापणं, मारायला दिली नाही, हे विशेष, म्हणाली एकदा स्वतः काढ मग परीक्षेत हात थरथरणार नाही. फ्लॅटवर रात्री दीडला दारात कोण येणार? तिघं एकाच तालुक्यातले, एकाच क्लासचे, तिघांनाही सारखंच येत नसणार.

कॉट_बेसिस
ताई, तुमचं नशीब चांगलं होतं. मी पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर होतो, चार जणांची रूम, त्यातले दोघं रात्री तीनपर्यंत मोबाईलवर गेम खेळायचे, हेडफोन न लावता, आणि मला सकाळी आठचं लेक्चर. रेक्टरला दोनदा सांगितलं, काही झालं नाही. पहिल्याच सेमला एम वन, म्हणजे गणिताच्या पहिल्याच पेपरात, केटी लागली, विषय राहिला. दुसऱ्या सेमला रूमवर गेलो आणि अभ्यास सुरू झाला. झोप मिळणं ही चैन नाहीये.

मोठी_ताई_जिंतूर
झोपेचं मान्य, पण फ्लॅटचा हिशोब पण सांगा ना दादा. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, डिपॉझिट वेगळं, 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, आणि तिघांतला एक मधेच सोडून गेला की त्याचं भाडं उरलेल्या दोघांच्या बोकांडी. अठरा वर्षांच्या पोरानं लाइट बिल, पाण्याचा टँकर, कामवाल्या मावशी हे बघायचं की कॉलेजच्या वर्कशॉपमधलं प्रॅक्टिकलचं काम पूर्ण करायचं?

साडेसातचं_गेट
मुलगी म्हणून बोलते. आमच्या कॉलेजला लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद. मुलांना काही टाइम नाही. म्हणजे फी सारखीच भरायची पण लायब्ररी अर्धीच वापरायची. लेट पाससाठी वडिलांचा फोन यायला लागायचा, आमचे दादा, म्हणजे वडीलच, शेतात असायचे, रेंज नाही, कसा करणार फोन? केरळात 2022 ला कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या मुली साडेनऊच्या गेट टाइमविरुद्ध हायकोर्टात गेल्या होत्या, साडेनऊ! आमच्याकडे तर साडेनऊ मिळाले असते तर पेढे वाटले असते. हॉस्टेल चांगलं की वाईट हे मुलगा आहे की मुलगी त्यावर ठरतं, भावाला कदाचित ठीक, बहिणीला सांगताना दहादा विचार करा.

नांदेडचे_काका
माझा मुलगा पण यंदाच जातोय म्हणून वाचतोय. आम्हाला भीती रॅगिंगची. बाकी मेस, पाणी सगळं चालवून घेऊ.

मोठी_ताई_जिंतूर
काका, भीती खरी आहे, पण कायदा तुमच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दोषी ठरला तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन नाही. यूजीसीच्या 2009 च्या नियमात तर फर्स्ट इयरला होता होईल तो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असंच लिहिलंय. जाल तेव्हा रेक्टरला पहिला प्रश्न हाच विचारा, फर्स्ट इयर कुठल्या विंगला आणि तिथे रात्री कोण असतं. उत्तर देताना चाचपडले की समजून जा.

पहिल्या_पिढीतला
सगळे रॅगिंग म्हणजे कोंबडा करणं एवढंच समजतात. माझ्या हॉस्टेलात कुणी हात लावला नाही. पहिल्या रात्री इंट्रो झाली, आडनाव विचारलं, मग सीईटीचा स्कोअर विचारला, मग "कॅटेगरीतून का?" बस. त्यानंतर माझ्या टेबलावर जेवायला कोणी यायचं नाही असं नाही, यायचे, पण माझ्या ताटातलं लोणचं कोणी उचलायचं नाही. बाकीच्यांची ताटं एकमेकांत फिरायची. हे तक्रार बुकात कसं लिहिणार?
ताई म्हणतात हॉस्टेलला वेगवेगळी माणसं मिळतात. शाहू महाराजांनी 1901 ला कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केली, पुढे एकेका समाजाची वेगळी निघाली, कारण त्याशिवाय पोरं शिकलीच नसती. कर्मवीर अण्णांनी 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. शंभर वर्षं झाली, एक पंगत आहे, ताटं वेगळी आहेत. मी दुसऱ्या वर्षी रूम घेतली. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला 60,000 मिळतात, अनुसूचित जातीच्या मुलांनी हा अर्ज जरूर भरावा. आम्ही तिघं सेम अनुभवाचे एकत्र राहिलो आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. ज्याला तुम्ही "एकाच तालुक्यातले" म्हणून कमी लेखताय, तेच कुणासाठी आधार असतात.

कॉट_बेसिस
+१. हे कुणी बोलत नाही.

मोठी_ताई_जिंतूर
दादा, तुमचं दोनदा वाचलं. लोणच्याचं वाचून मला आमच्या मेसमधली एक मुलगी आठवली, ती कायम भिंतीकडच्या टेबलावर बसायची, आम्ही म्हणायचो ती शांत आहे. चार वर्षं म्हणायचो. मी कधी ताट घेऊन तिकडे गेले नाही, आणि हे मला आज लागतंय.
तरी भावाबद्दल मत तेच आहे, आमच्या घरी ही अडचण नाही आणि त्याला स्वतःच्या माणसांबाहेर पडायची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. पण सगळ्यांना हॉस्टेलच, हे मी मागे घेते. आणि त्याला सांगणार आहे की पहिल्याच आठवड्यात भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बस.

नांदेडचे_काका
ताई, गादी घरून न्यायची की तिकडे घ्यायची?

मोठी_ताई_जिंतूर
तिकडेच घ्या काका, कॉटचं माप आधी बघा, हॉस्टेलच्या कॉट अरुंद असतात. घरून दोन बादल्या, कुलूप आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र न्या. आणि रविवारी रात्री मेस बंद असते, त्या दिवसाचे खाण्याचे पैसे वेगळे द्या, पोरं मागत नाहीत आणि बिस्किटावर झोपतात.