नव्याने कारागृहात गेलेल्या भावाची औषधं – मदत हवी आहे

मोठ्या भावाला शनिवारी न्यायालयीन कोठडी झाली. त्याला फिट्स येतात, गोळी चुकली की दोन दिवसांत झटका ठरलेला. गेटवर गोळ्या परत केल्या, पट्टीवर पेशंटचं नाव नाही म्हणे! (कुठल्या पट्टीवर असतं?) सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो, तर 'आत तपासतील' एवढंच उत्तर. दाखल करताना झडतीबरोबर वैद्यकीय तपासणी आणि तब्येतीची नोंद करायची, हे 1894 च्या कारागृह कायद्यातही आहे. ती झाली का, कळायला मार्ग नाही. ई-मुलाकातीची (कैद्याला भेटण्यासाठीची ऑनलाइन) नोंदणी केली, मंजुरी आलेली नाही. वकील विधी सेवा प्राधिकरणाचे (मोफत कायदेशीर मदतीतले), पुढची तारीख लांब आहे. जामिनाचं नंतर बघू. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना थेट अर्ज चालतो, की कोर्टाचाच आदेश लागतो?