मिरचीवर बोकड्या (पानं आखडायचा रोग) आलाय: उपटू का फवारू?

उन्हाळी_मिरची (सिल्लोड तालुका): राम राम मंडळी. मल्चिंगवरची (प्लास्टिक अंथरलेल्या वाफ्यावरची) मिरची, लागवडीला महिना झाला. मधल्या ओळींत शेंडे आखडून झाडं गोळा व्हायलीत. दुकानदार दर आठवड्याला औषधांचा नवीन कॉम्बो देतो, फरक शून्य. शेजारी जुना टोमॅटो उभाच आहे. उपटायचं जिवावर येतंय. काय करू?

बांधावरचा: दादा, आधी पंप खाली ठेवा अन् पानं उलटी करून बघा. पान होडीसारखं वर वळलं तर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. कडा खाली वळून देठ लांबलं तर कोळी, म्हणजे रस शोषणारा बारीक माइट. कोळी कीटकच नाही, त्याला इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक लागू पडत नाही. गंधक चालतं, पण या उन्हात दुपारी मारू नका, पानं करपतात. ही झाडं सावरतात, उपटू नका.

पण पान बारीक, शिरा जाड, पेरं आखूड अन् झाड हलवल्यावर पांढरी माशी उडली, तर तो व्हायरस समजा. त्यावर औषध नाही, बाटली कितीही महाग असो. तसलं झाड उद्या बरं होणार नाही अन् माशीला मात्र रोज रोग पुरवणार.

उन्हाळी_मिरची: बघितलं. मधली झाडं माशीवाली, कडेच्या दोन ओळी खाली वळलेल्या. कॉम्बोत सायपरमेथ्रिन होतं.

बांधावरचा: मग कोळी वाढणारच! त्या कीटकनाशकानं कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात. ते बंद करा. मधली झाडं सकाळी गारव्यात उपटा, माशी तेव्हा सुस्त असते. जागेवरच पोत्यात भरून गाडा, बांधावर टाकू नका. अन् जुन्या टोमॅटोवरही हीच माशी अन् व्हायरस टिकतो, म्हणून टोमॅटोवाल्याशी गोड बोलून तो प्लॉट काढायला लावा. हे काम फवारणीपेक्षा अवघड आहे, माहितीय.

खानदेशी: पुढच्या साली रोपं बारीक जाळीखालीच करा. रोपात शिरलेला व्हायरस पुढं आवरत नाही. लागवडीआधी चहूबाजूंनी मक्याच्या दोन ओळी घ्या. मोझॅक हा दुसरा व्हायरस रोग; तो पसरवणारा मावा आधी मक्यात सोंड खुपसतो अन् तोंडातला व्हायरस तिथंच सोडतो. त्याला रोग लावायला काही सेकंद पुरतात, फवारा पोचेपर्यंत काम झालेलं असतं. पिवळे सापळे लावा, पण माशी किती आली ते कळण्यापुरते. तेवढ्यानं आटोक्यात येत नाही.

उन्हाळी_मिरची: रिकाम्या जागी नवी रोपं लावू का?

बांधावरचा: नका लावू. कोवळं रोप माशी आधी धरते. कोथिंबीर टाका, मजुरी तरी निघेल.