मदत हवी आहे: खणाच्या नऊवारीचा रंग बार्बीच्या पायांना लागलाय, आणि पाठीवर '१९६६' काय?

चिंधी:

नमस्कार मंडळी,

मी बाहुल्या जमवते. फॅशन डॉल म्हणतात त्या, साडेअकरा इंची, बार्बी आणि तिच्या भावकीतल्या. सध्या तेवीस आहेत. (चाळिशी उलटलेल्या बाईला हे काय सुचतंय, हा प्रतिसाद घरात मिळून झालाय. इथे नवीन काहीतरी द्या.)

बावीस मी विकत घेतलेल्या. प्रश्न आहे तेविसावीचा, जी खरं तर माझी पहिली. गेल्या महिन्यात मिरजेचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. मी दुसरीत असताना मामाने मुंबईहून आणली होती, म्हणजे १९९० च्या आसपास. तिचा मूळचा गुलाबी झगा मी पंधरा दिवसांत हरवला. मग आजीने चोळीच्या उरलेल्या खणाची तिला नऊवारी केली. नेसवली नाही, शिवूनच टाकली, कारण मी दर अर्ध्या तासाने सोडून ठेवायचे. काष्टा, निऱ्या, खांद्यावरचा पदर, सगळं हातशिलाईने पक्कं. ती जी नेसली, ती तीसेक वर्षं तशीच ट्रंकेत.

आता अवस्था सांगते. खण डाळिंबी होता. त्याचा रंग कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत उतरलाय, अळता पसरावा तसा. पाय चिकट लागतात, बोट लावलं की ठसा राहतो. कानांतल्या टिकल्यांभोवती पाळ्या हिरव्या झाल्यात. शिवाय डांबराच्या गोळ्यांचा असा वास की कपाटातल्या बाकीच्या बायका नाक मुरडतायत असं वाटतं.

भांड्याचा साबण लावून पाहिला, टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं. धूळ गेली, रंग आहे तिथेच. जाऊबाई म्हणाल्या, नेलपॉलिश रिमूव्हर लाव. बाटली हातात घेतली होती, मग म्हटलं आधी इथे विचारावं.

दुसरी गोष्ट. कमरेच्या मागे शिक्का आहे: मॅटेलचं (म्हणजे बार्बी बनवणाऱ्या कंपनीचं) नाव, १९६६ आणि इंडिया. खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर फोटो टाकला तर एक जण लगेच म्हणाला, "१९६६ ची व्हिंटेज आहे, सहा हजार देतो, फक्त ते घरगुती कापड काढून पाठवा." मामाने मला तेव्हाच चोवीस वर्षं जुनी बाहुली आणली होती का? मामा आता नाही, विचारणार कुणाला?

विकायची नाहीच आहे. पण नऊवारी काढल्याशिवाय पाय साफ होणार नाहीत, आणि काढायची तर आजीचे टाके उसवावे लागतील. नाही काढली तर रंग आणखी मुरणार. काय करू?

रासायनिक:

सर्वांत आधी ते रिमूव्हर जाऊबाईंना परत करा. त्यात ॲसिटोन असेल तर चेहऱ्यावरचा रंग जाईल आणि प्लॅस्टिकची चकाकीही. डाग मात्र राहील.

आता १९६६. याने भलेभले फसतात. ते बाहुली बनवल्याचं साल नव्हे, शरीराच्या त्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. कंबर वळणारी बार्बी १९६७ मध्ये बाजारात आली, तिच्या साच्यावर १९६६ होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा पाठीवर छापला गेला. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल दहाव्या आवृत्तीतही असतं, तसंच. मुळात पहिली बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली ती ९ मार्च १९५९ ला, किंमत तीन डॉलर. सुरुवातीच्या सगळ्या जपानमध्ये बनायच्या. त्यामुळे शिक्क्यातला सालापेक्षा बोलका भाग म्हणजे देश. 'इंडिया' म्हणजे मॅटेलच्या परवान्याने इथे 'लिओ' नावाखाली जो माल निघायचा त्यातली असणार. मामांनी नवी कोरीच आणली होती, निश्चिंत राहा.

केस वर करून मानेच्या कडेला बघा, बारीक अक्षरांत आणखी एक साल असेल. दात दाखवून हसणारी असेल तर १९७६ निघेल. ते त्या चेहऱ्याच्या साच्याचं साल. तो चेहरा १९७७ च्या सुपरस्टार बार्बीबरोबर आला आणि पुढे बरीच वर्षं चालला.

हिरवे कान: पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच हे. टिकलीच्या पिनेतलं तांबं आणि मऊ व्हिनाइल (बाहुलीचं रबरासारखं प्लॅस्टिक) वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की हिरवं उतरतं. आधी कानातले काढा. हेअर ड्रायर मंद ठेवून पाळी किंचित गरम करा, व्हिनाइल मऊ पडलं की बारीक पकडीने सरळ ओढा, पिरगळू नका. धातू आत ठेवून नुसतं पुसत बसलात तर सहा महिन्यांत पुन्हा हिरवं.

लाल डाग: औषधाच्या दुकानात मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडची ट्यूब मिळते, ५ टक्क्यांची घ्या. डागावर जाड थर द्या, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. दोन-तीन तासांनी धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका दिवसात काही दिसणार नाही, आठ-दहा फेऱ्या धरा. पाय मऊ व्हिनाइलचे असल्याने रंग आत मुरलाय, तो हळूहळूच फिका पडणार. धड कडक प्लॅस्टिकचं असतं, तिथे कमी मुरला असेल. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा, कारण हे औषध ब्लीच करतं. अति झालं तर पायावर पांढरे चट्टे पडतील. चेहरा, केस आणि मुख्य म्हणजे तो खण यांच्या आसपासही नेऊ नका.

चिकटपणा मात्र कायमचा जात नाही, आधीच सांगतो. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षांनी पाझरायला लागतं. कोमट पाणी आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, वर कॉर्नफ्लोअर लावून झटका. काही महिन्यांनी पुन्हा करावं लागेल. हवाबंद पिशवीत ठेवू नका आणि तिचे पाय दुसऱ्या बाहुलीला किंवा प्लॅस्टिकच्या कंगव्याला टेकू देऊ नका, ते द्रव्य त्यालाही मऊ करतं.

आणि डांबराच्या गोळ्या बाहुल्यांच्या कपाटात पुन्हा कधीही नकोत. नॅफ्थलीनची वाफ काही प्लॅस्टिक मऊ करते. लोकरीच्या स्वेटरचं ठीक आहे, हिचं नाही.

टुकार_बोका:

त्या सहा हजारवाल्याबद्दल. पेटी नाही, मूळ कपडे नाहीत, पायाला डाग. अशा १९९० च्या बाहुलीला संग्राहक फारसं देत नाहीत. इथल्या लिओवाल्यांना परदेशात गिऱ्हाईक आहे, पण पेटीसकट असेल तर. म्हणजे हा गृहस्थ ती पुढे '१९६६ ची' म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारणार. नऊवारी का नको, तेही उघड आहे. १९६६ च्या बार्बीला मिरजेचा खण कुठून आला, हे सांगायला लागेल ना!

आडगावची_ठकी:

अवांतर: आमच्या वेळी एक लाकडी ठकी, तिला चिंध्यांचं लुगडं, संपला विषय. कान हिरवे व्हायचा प्रश्नच नाही, कानच नव्हते. दिल्लीला शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे, १९६५ पासूनचं. नातीला घेऊन गेले होते, ती दहा मिनिटांत कंटाळली, मलाच बाहेर काढावं लागलं. चालू द्या.

सुईदोरा:

चिंधीताई, मी नऊवाऱ्या शिवून देते (माणसांच्या), म्हणून बोलते. शिवलेली काष्ट्याची नऊवारी म्हणजे शेवटी विजारच. ती उसवून नाही, खाली ओढून काढायची. अडकणार दोनच ठिकाणी: खांद्यावर पदर चोळीला टाचला असेल तिथे आणि कमरेला. खांद्याचे टाके उसवावेच लागतील. कमरेचं आधी बघा. बार्बीची कंबर बारीक आणि ढुंगण रुंद, त्यामुळे आजींनी अंगावर शिवताना शेवटी कुठेतरी गाठ मारलीच असणार, बहुतेक मागे काष्ट्याखाली. भिंग घेऊन ती गाठ शोधा आणि फक्त तिथून दोन-तीन टाके सोडा. बाकी शिलाईला हात लावायचा नाही.

सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. पाय चिकट आहेत म्हणताय, तर ओढताना कापड अडकेल, जुना खण टरकेल. बारीक रंगकामाच्या कोरड्या ब्रशने कापड आणि पाय यांच्यामध्ये कॉर्नफ्लोअर सारा, मग सरकेल.

खण धुवू नका. पांढऱ्या कापसाचा ओला बोळा आतल्या बाजूला टेकवून बघा. लाल झाला, तर तो खण अजून रंग सोडतोय. सोडणारच, डाळिंबी आहे. पुन्हा नेसवायची असेल तर मध्ये अस्तर हवं. पांढरी मलमल घ्या, दोन-तीनदा गरम पाण्यातून काढून खळ घालवा आणि तिची पायघोळ विजार शिवून आधी ती घाला, वर नऊवारी. आणि बारा महिने नेसवून ठेवू नका. एरवी घडी घालून मलमलीत गुंडाळून वेगळी ठेवा, सणावारी नेसवा. आपण तरी कुठे रोज नेसतो?

सोडलेल्या टाक्यांचा दोरा फेकू नका.

चिंधी:

सगळ्यांना दंडवत. मानेवर १९७६ निघालं! भिंगाशिवाय दिसत नव्हतं.

गाठ सापडली, अगदी सुईदोराताई म्हणाल्या तिथेच, काष्ट्याखाली. खांद्याचे दोन आणि तिथले तीन, एवढेच टाके सोडले. आजीने काळा दोरा वापरला होता, तो डबीत ठेवलाय. नऊवारी अख्खी निघाली. आतून बघते तर कमरेला चोळीच्या खणाचाच काठ दुमडून पट्टी लावलेली, बाहेरून कुणाला दिसणारही नाही अशी. कापसाचा बोळा लाल झाला, तेव्हा अस्तर करतेच आहे. मलमल आणली.

कान मोकळे केले. एका टिकलीची पीन आतच तुटली. तिचं काय करायचं, रासायनिक, जमलं तर सांगा. सुई घालायचा धीर होत नाहीये.

ट्यूबच्या तीन फेऱ्या झाल्या, डावा पाय किंचित फिका वाटतोय, की मलाच तसं वाटायला हवंय, कळत नाही. गच्चीवर ठेवते. शेजारच्या काकूंनी 'हे कसलं वाळवण?' म्हणून विचारून झालंय.

कॉर्नफ्लोअर पुन्हा आणावं लागेल. बाहुलीसाठी आणलेल्या पुड्याचं सासूबाईंनी काल सूप केलं.