झिगमधलं ‘डिफर’: लांबणीवर टाकायचं की निघताना करायचं?

प्रश्न

झिग या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपणं लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय. १९६० च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप परत घेणं, आणलं. त्याला मराठीत ‘कचरा-संकलन’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण झिगमध्ये ते नाहीच. मेमरी मागायची आपण आणि परत करायचीही आपणच. त्यामुळे मागण्या-सोडण्याचे शब्द नेमके हवेत. ‘फ्री’साठी (मेमरी परत करणं) मी ‘रिकामी करणे’ आणि ‘डिफर’साठी (पुढे करायचं काम आधीच लिहून ठेवणारा शब्द) ‘लांबणीवर टाकणे’ लिहिलं आहे. चालेल का?

पहिलं उत्तर

‘रिकामी’ नको, ‘मोकळी’ म्हणा. भांडं रिकामं केलं की आतलं काही उरत नाही. मेमरीचं तसं नसतं. फ्री केल्यावर जागेवरचा तुमचा हक्क जातो, आतले बाइट पुष्कळदा होते तसेच पडून राहतात. झिग तर डीबग बांधणीत, म्हणजे चुका शोधण्यासाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये, मोकळ्या केलेल्या जागेत मुद्दाम १०१०१०१० हा नमुना भरून ठेवतं, म्हणजे चुकून तिथलं वाचलंत तर लगेच संशय यावा. म्हणजे ती जागा मोकळी झालेली असते आणि तरीही काठोकाठ भरलेली असते! खोली मोकळी केली म्हणतो तेव्हा आपण ताबा सोडल्याचंच सांगत असतो. इथे तोच अर्थ हवा.

दुसरं उत्तर

‘लांबणीवर टाकणे’ला माझा ठाम विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलाय. मराठीत जे लांबणीवर पडतं ते कधी होईल याचा भरवसा नसतो. मीही डिफर म्हणजे ‘नंतर केव्हातरी’ असंच धरून चाललो होतो. एका फंक्शनमध्ये नावाची प्रत काढायला मेमरी घेतली, पुढच्याच ओळीत डिफर लावून ती मोकळी करायला सांगितली आणि शेवटी तीच प्रत रिटर्न केली. बोलावणाऱ्याच्या, म्हणजे ते फंक्शन वापरणाऱ्या कोडच्या, हातात नावाऐवजी अर्थहीन चिन्हं पडली. प्रत फंक्शनमधून बाहेर पडता पडताच मोकळी झाली होती, आणि मी संध्याकाळभर दोष दुसरीकडेच शोधत बसलो होतो.

झिगमधलं डिफर ज्या ब्लॉकमध्ये (महिरपी कंसांतल्या भागात) लिहिलंय तो संपताना हमखास चालतं. गो भाषेतलं फंक्शन संपेपर्यंत थांबतं, झिगमधलं तेवढंही थांबत नाही. एकाच ब्लॉकमध्ये अनेक असतील तर शेवटी लिहिलेलं आधी चालतं. म्हणून मी आता ‘निघताना’ म्हणतो: ‘निघताना ही जागा मोकळी कर.’ आणि ‘एरडिफर’ म्हणजे ‘बिघडलं तर निघताना’. माझ्या फंक्शनला तेच हवं होतं. काम फसलं तर प्रत मोकळी व्हावी आणि साधलं तर बोलावणाऱ्याच्या हाती जावी. पुढे ती मोकळी करणं त्याच्याकडे.

प्रश्नकर्ता

‘निघताना’ एकदम पटलं, टिपणात बदल करतो. मग ‘अ‍ॅलोकेटर’चं काय? ‘वाटप’ म्हटलं की अनेकांना वाटून दिल्यासारखं वाटतं.

पहिलं उत्तर देणारा

बरोबर आहे. जमिनीचं वाटप होतं, पुस्तकांचं होतं. इथे मागणाऱ्याला एक तुकडा काढून द्यायचा असतो, म्हणून क्रियापद ‘जागा देणे’ आणि देणारा तो अ‍ॅलोकेटर. नाम तसंच राहू द्या, कारण झिगमध्ये ती उघड दिसणारी वस्तू आहे. ज्या फंक्शनला मेमरी लागते ते अ‍ॅलोकेटर पॅरामीटर म्हणून मागून घेतं, असा प्रमाण लायब्ररीचा रिवाज आहे. नुसती सिग्नेचर (फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर सांगणारी ओळ) वाचूनही फंक्शन जागा मागणार का याचा अंदाज येतो. मला या भाषेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

‘अरीना’ या खास प्रकारच्या अ‍ॅलोकेटरला मात्र ‘आखाडा’ म्हणू नका. त्यातून घेतलेले तुकडे एकेक करून परत करायचे नसतात, काम झालं की सगळे एकदम सोडायचे. ‘एकगठ्ठा मोकळी करणे’ म्हटलं की वाचणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरं उत्तर देणारा

एक राहिलं. ‘लीक’ला (घेतलेली जागा मोकळी करायची राहणं) ‘गळती’ रुळलंय, ते राहू दे. मध्यंतरी मी ‘बेवारस मेमरी’ वापरून पाहिलं, पण ते कमी पडतं. पत्ता हातात असूनही जागा मोकळी करायची राहिली, तर झिगचा तपासणारा अ‍ॅलोकेटर शेवटी तीही गळती म्हणूनच दाखवतो. तिला वारस आहे, फक्त त्याने आपलं काम केलेलं नाही. ‘डँगलिंग पॉइंटर’ला, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेच्या पत्त्याला, मात्र ‘लोंबकळता दर्शक’ अजिबात नको. ‘शिळा पत्ता’ म्हणा. माझ्या त्या फंक्शनने रिटर्न केला होता तो शिळा पत्ताच.